कृत्रिम आमिषाचा इतिहास आणि आपण

भोई म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच वस्तू उभ्या राहतात : एक पालखी आणि दुसरे जाळे. पालखी खांद्यावरून केव्हाच उतरली. जाळे मात्र आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांचे पोट आजही भरीत आहे. जाळ्यांविषयी, तलावांच्या ठेक्यांविषयी आणि मच्छीमार सहकारी संस्थांच्या अडचणींविषयी आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यापूर्वी पुष्कळ लिहून आले आहे व पुढेही येईल. प्रस्तुत लेखात एका निराळ्याच साधनाचा इतिहास सांगावयाचे मी योजिले आहे. ते साधन म्हणजे कृत्रिम आमिष. गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा जिवंत मासोळी न लावता धातूचा चमचा, लाकडाची वा रबराची मासोळी, पिसांचा झुपका असे काहीतरी लावावयाचे, ते दूर फेकावयाचे व पाण्यातून ओढीत आणून माशाला फसवावयाचे, अशी ही युक्ती आहे.

अलीकडे आपले कित्येक तरुण सुटीच्या दिवशी धरणाच्या काठी रीळ लावलेली काठी घेऊन उभे असलेले दिसतात. त्यांच्या पेटीत नाना रंगांच्या खोट्या मासोळ्या कप्प्याकप्प्यांत ठेवलेल्या असतात. वडीलधाऱ्या मंडळींना याचे हसू येते. "हा साहेबाचा खेळ. आपला धंदा जाळ्याचा. लोखंडाचा तुकडा का कोठे मासा खातो?" असे उद्गार मी स्वतः अनेक वेळा ऐकले आहेत. खेळ हा शब्द येथे हिणवण्याकरिता वापरला जातो. कृत्रिम आमिष ही रिकामटेकड्या श्रीमंतांची करमणूक असून कष्टकरी मच्छीमाराचा तिच्याशी संबंध नाही, असा या बोलण्याचा भावार्थ. मला हा समज खोटा वाटतो. या साधनाचा इतिहास जितका लेखी उपलब्ध आहे तितका पाहिला असता, ते जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर पोटासाठी मासे धरणाऱ्या किंवा हाताने काम करणाऱ्या माणसांनीच शोधून काढले, असे दिसते. त्याचे वर्णन लिहिणारे मात्र बहुधा दुसरेच होते. कीर्ती लिहिणाऱ्याकडे गेली आणि साधन 'साहेबी' ठरले.

याचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा स्पष्ट दाखला इ. स. २०० च्या सुमाराचा आहे. ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने प्राण्यांच्या स्वभावांविषयी ग्रीक भाषेत एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की, मॅसिडोनिया देशात अ‍ॅस्ट्रीअस नावाची नदी आहे, तिच्यात अंगावर ठिपके असलेले मासे आहेत आणि ते मासे पाण्यावर उडणाऱ्या एका विशिष्ट माशीला धरून खातात. येथे माशी म्हणजे उडणारा कीटक; मराठीत हे दोन शब्द फार जवळ आले आहेत, त्याला इलाज नाही. तेथील मच्छीमार ही माशी गळाला लावीत नसत, कारण माणसाचा हात लागला की तिचा रंग जातो, पंख सुकतात आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला बांधीत. काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. माशी पाहून मासा वर येई, झडप घाली आणि गळाला लागे.

या वर्णनात मला दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी की, खरे आमिष चालत नाही हे लक्षात आल्यावरच त्या लोकांनी खोटे आमिष केले. म्हणजे त्यामागे खेळ नव्हता, अडचण होती. दुसरी गोष्ट अशी की, ईलियनने हे स्वतः पाहिले नव्हते. मॅसिडोनियातील ही रीत आपण ऐकली आहे, असे तो प्रांजळपणे सांगतो. ज्यांनी लोकर बांधली त्यांच्यापैकी एकाचेही नाव त्याने लिहिले नाही; बहुधा त्याला ते ठाऊकही नसावे.

आता आपल्या देशाकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचिला. ही कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. या घराण्याचे राज्य आपल्याकडील मोठ्या मुलखावरही होते. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय या ग्रंथात आहेत. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत आणि हत्तींपासून संगीतापर्यंत राजाला हवे ते सर्व त्यात आले आहे. करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, नदीतले मासे व समुद्रातले मासे असा भेद, माशांना चारा घालून एका जागी कसे जमवावे, काठी, दोरी व गळ कसे असावेत, यांचे वर्णन त्यात सापडते. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी संपादिला व त्याचा पहिला भाग १९२५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी या मत्स्यविनोदावर एक निबंध लिहून शास्त्रीय जगाचे लक्ष तिकडे वेधले.

मानसोल्लासातील आमिषे खाद्याची आहेत, कृत्रिम नव्हेत. तेव्हा आपल्या विषयाचा उगम तेथे आहे असे म्हणणे म्हणजे ओढून ताणून अभिमान बाळगणे होईल. परंतु एक प्रश्न विचारण्याचा मोह मला आवरत नाही. कोणता मासा काय खातो, कोठे वावरतो आणि कोणत्या दोरीला तुटत नाही, हे सोमेश्वर महाराजांस कोणी सांगितले? राजवाड्यात बसून हे कळत नाही. कोणा तरी नदीकाठच्या माणसाने नदीत उभे राहून मिळविलेले हे ज्ञान आहे. ग्रंथावर नाव राजाचे आहे.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टन हा कापडाचा व्यापारी होऊन गेला. १६५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेला त्याचा गळाच्या मासेमारीवरील ग्रंथ त्या भाषेत अद्यापि आवडीने वाचला जातो. सुईने विणलेल्या एका खोट्या मासोळीचे वर्णन त्याच्या ग्रंथात आले आहे. अंग कापडाचे, पाठ गडद हिरव्या रेशमाची, आणि पोटाकडे रंग हळूहळू फिका होत गेलेला. ती एका स्त्रीने शेजारी जिवंत मासोळी ठेवून, तिच्याकडे पाहत पाहत विणली होती. त्या स्त्रीचा हात कुशल होता, हे वॉल्टन आवर्जून सांगतो. तिचे नाव सांगत नाही.

प्रशांत महासागरातील बेटांवर तर पिसे-लोकरीच्याही पलीकडे लोक गेले होते. तेथील कोळी शिंपल्याच्या चमकदार आतल्या भागाची लांबट पट्टी घाशीत, तिला हाडाचे किंवा कासवाच्या पाठीचे टोक बांधीत आणि मागे पिसांचा वा केसांचा झुपका लावीत. हे आमिष होडीमागून वेगाने ओढले की शिंपला लहान मासोळीसारखा लकाकतो आणि कुप्पा जातीचे मासे त्यावर तुटून पडतात. निरनिराळ्या उजेडासाठी निरनिराळ्या छटांचे शिंपले ते जवळ बाळगीत. अठराव्या शतकात कॅप्टन कुक व त्याच्यामागून गेलेल्या दर्यावर्दी लोकांनी असले गळ युरोपात नेले आणि ते आज तेथील संग्रहालयांत काचेच्या पेटीत पाहावयास मिळतात. आजचा धातूचा चमचा जे काम करतो तेच काम हा शिंपला करीत होता. आणि ते काम बेटावरच्या माणसांच्या जेवणासाठी चालले होते.

धातूच्या चमच्याची कथा अमेरिकेतील आहे. ज्यूलिओ ब्यूएल नावाचा एक तरुण व्हर्मांट प्रांतातील एका सरोवरावर होडीत बसून जेवत असता त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला. तो डुलत, चकाकत खाली जाऊ लागला तोच एका मोठ्या माशाने त्यावर झडप घातली. ब्यूएलने घरी येऊन दुसऱ्या चमच्याची दांडी कापून टाकली, एका टोकाला दोरीसाठी व दुसऱ्या टोकाला गळासाठी भोक पाडले आणि तो चमचा पाण्यात सोडला. ही कथा खरी असो वा विक्रीसाठी रचलेली असो. १८५२ साली ब्यूएलने अशा आमिषाचे पेटंट घेतले व त्याचा कारखाना चालला, एवढे नक्की. कथा मला खरी वाटते. माशाने काय खाल्ले यापेक्षा माशाने कशावर झडप घातली, हे पाहण्याची नजर असलेला माणूसच अशा प्रसंगातून काही शिकतो.

हिंदुस्थानात हा चमचा साहेबांबरोबर आला, हे मात्र खरे. मद्रास मुलकी नोकरीतील हेन्री सलिव्हन टॉमस हा अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्यात होता. त्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर लिहिलेले पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे छापले गेले. त्यातील मुख्य नायक महसीर मासा होय. महसीराच्या जबड्यात दात नसतात. ते त्याच्या घशात असतात. परंतु जबड्याची पकड एवढी जबरदस्त की विलायतेतून आलेले नाजूक त्रिशूळी गळ तो चेपून सपाट करी. म्हणून इंग्रज कारखानदारांना महसीरासाठी जाड पत्र्याचे व भक्कम गळाचे निराळे चमचे करावे लागले. पुढे १९४८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनल्ड यांचे महसीरावरील पुस्तक काढले. तोवर या माशाविषयी साहेब लोकांनी लिहिलेल्या पुस्तकांची एक लहानशी रांगच तयार झाली होती. आपल्यापैकी कोणाचे एकही पुस्तक त्या रांगेत नाही.

याच संदर्भात कर्नल साइक्स यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. १८१८ साली पेशवाई गेल्यानंतर मुंबई सरकारने दख्खनची माहिती गोळा करण्याकरिता विल्यम हेन्री साइक्स यांस नेमले. त्यांनी शेती, हवामान, पक्षी यांबरोबर आपल्या नद्यांतील माशांचाही अभ्यास केला आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय नावे प्रसिद्ध केली. ही नावे पाहिली की कोणाही भोयाच्या घरच्या माणसाला नवल वाटेल. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेल्या महसीराचे नाव 'खुद्री'. इतर माशांची नावे 'कोलस', 'बोगट', 'पोटेल', 'मुल्या', 'सिंगटी', 'बालुकी'. लॅटिन भाषेच्या अंगरख्याखाली ही सगळी नदीकाठची मराठी नावे आहेत. साहेबांच्या कानाला ती जशी ऐकू आली तशी त्यांनी लिहिली आणि जगातील प्रत्येक मत्स्यशास्त्रज्ञ आज ती तशीच उच्चारतो. साइक्स यांनी निदान लोकांची नावे जशीच्या तशी ठेवली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु ओंजळीत मासा धरून "हा खुद्री" असे ज्याने सांगितले, तो मनुष्य कोण होता? मी ही यादी आमच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांस वाचून दाखविली. त्यांचे उभे आयुष्य नदीवर गेले. त्यांनी बहुतेक नावे ओळखली, माझे दोन उच्चार दुरुस्त केले आणि एका माशाविषयी म्हणाले, "मास्तर, त्याला शोधू नका. धरण झाल्यापासून तो वर चढत नाही."

आता जिच्यामुळे हलके आमिष दूर फेकता येऊ लागले त्या रिळाविषयी थोडे. पूर्वीच्या रिळाचे चाक दोरीबरोबर फिरे. आमिष जड असले तरच ते चाक ओढले जाई आणि हात चुकला की दोरीचा गुंता होई. स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॅलॉक याने १८८४ च्या सुमारास फेकताना आडवे वळविता येणारे रीळ काढले. पण दोरीला पीळ पडे. खरी सोडवणूक केली ती यॉर्कशायरमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने. हा लोकरीच्या गिरण्यांच्या घराण्यातला. गिरणीतील कांडी स्वतः न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटत राहते, हे त्याने रोज पाहिले होते. तीच युक्ती त्याने रिळाला लावली व १९०५ साली पेटंट घेतले. कांडी स्थिर, दोरी टोकावरून सुटते. गुंडाळताना एक वाकडी तार कांडीभोवती फिरून दोरी परत भरते. मुंबईच्या गिरण्यांत ज्या ज्ञातिबांधवांची हयात गेली त्यांना हे एका दृष्टिक्षेपात समजेल. इतरांनी नातवाच्या हातातील रीळ उघडून पाहावे. पुढे १९३८ साली नायलॉन जाहीर झाले, त्याची दोरी रेशमाच्या जागी आली आणि अर्ध्या तोळ्याचे आमिषही सहज लांब जाऊ लागले. त्याच १९३८ साली फ्रान्समध्ये मेप्स नावाची फिरकी निघाली. तिचे लहानसे पाते तारेभोवती गरगर फिरते आणि चकाकी व कंप दोन्ही उत्पन्न करते.

परंतु या सगळ्या इतिहासात माझे मन ज्याच्यापाशी अडकून राहते तो मनुष्य फिनलंडचा. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. मोठ्या सरोवरावर होडी वल्हवीत जावयाचे, लांब दोरीला शेकडो गळ, प्रत्येक गळाला मासोळी लावावयाची, संध्याकाळी पुन्हा तेच, असे त्याचे जिणे. म्हणजे आपली दावणच. मासोळ्या मिळविण्यात व लावण्यात दिवस जाई. वल्हवताना तो पाण्यात पाहत बसे. लहान माशांच्या थव्यात मोठा मासा शिरला की तो सरसकट कोणालाही धरीत नाही. जो एखादा मासा जखमी असल्यामुळे किंवा अशक्त असल्यामुळे किंचित वाकडा, डळमळत पोहतो, नेमका त्याच्यावर तो झडप घालतो, हे त्याच्या ध्यानात आले. १९३६ साली त्याने चांभारी सुरीने बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली. ती तशीच डळमळत चालावी म्हणून कोरून, घासून, पाण्यात ओढून पाहून तो पुन्हा कोरी. चांदीची चमक यावी म्हणून त्याने चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद तिच्यावर चिकटविला आणि पाणी आत जाऊ नये म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. आता मासोळ्या धरण्यात जाणारा वेळ वाचला. शेजाऱ्यांनी मागितल्या, त्याने करून दिल्या. मुलगे हाताशी आले. १९५९ च्या सुमारास दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्या आपल्या देशात नेल्या. आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या एका अंकात त्यांवर लेख आला. तो अंक मेरिलिन मन्रो या नटीच्या निधनानंतरचा असल्याने विलक्षण खपला होता. मासोळ्यांच्या मागणीला मग अंत राहिला नाही. लाउरी रापाला १९७४ साली वारला. त्याच्या नावाचा कारखाना आज जगभर माल विकतो. आपल्या तरुणांच्या पेटीतील निम्म्या मासोळ्या त्याच्या मूळ कल्पनेच्याच नकला आहेत.

हा मनुष्य साहेब नव्हता, खेळाडूही नव्हता. तो भोई होता, असे म्हटले तर ज्ञातीतील कोणी रागावू नये.

मग आपल्याकडे हे का झाले नाही? त्याचे कारण बुद्धीची उणीव हे खचित नव्हे. आपल्या तळ्यांत व धरणांत सोडले जातात ते रोहू, कटला, मृगळ. यांचे खाणे शेवाळ, गाळ व पाण्यातील सूक्ष्म जीव. त्यांच्यापुढून चांदीचा चमचा ओढला काय आणि सोन्याचा ओढला काय, सारखेच. कृत्रिम आमिष चालते ते शिकारी माशांना : मरळ, वालशिवडा, महसीर, आणि खाडीच्या तोंडाशी जिताडा व तांबोशी. शिवाय जाळे एका वेळी टोपलीभर देते, आमिष एक-एक. जाळे हेच आपल्या पाण्याला योग्य होते, आणि आजही धंदा म्हणून तेच योग्य आहे. परंतु ज्या पाण्यात खडक व बुडालेली झाडे आहेत आणि जाळे फाटते, तेथे शिकारी मासा धरावयाचा तर या साधनाला तोड नाही.

ज्या तरुणांस ते वापरावयाचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो. त्यांपैकी काही पुस्तकांतून घेतल्या आहेत, काही ज्येष्ठांकडून.

आमिष विकत घेताना रंगाने भुलू नये. दुकानातील रंग माणसाला पकडण्याकरिता असतात. आधी खोली पाहावी. अरुंद व जाड चमचा लवकर बुडतो आणि लांब जातो. खोल डोहाला व वाहत्या पाण्याला तो बरा. रुंद व पातळ चमचा हळू बुडतो, जास्त डुलतो. उथळ, संथ पाण्याला तो बरा. लाकडी मासोळीच्या तोंडाशी जी पारदर्शक जीभ असते ती जितकी लांब व आडवी तितकी मासोळी ओढताना खोल जाते. आखूड व उभी असेल तर ती वरूनच चालते. फेकल्यावर लगेच ओढू नये. तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजावेत. दहाला तळ लागला तर पुढच्या खेपेस आठाला ओढू लागावे, म्हणजे आमिष तळाच्या थोडे वरून येते. मासे न मिळाल्यास सहा, मग चार. एवढी गणिताची शिस्त पाळली तरी निम्मे काम होते. मी आयुष्यभर मुलांना उजळणी शिकविली; तिचा असाही उपयोग होतो, हे त्या वेळी मला सुचले नाही.

रंगाविषयी सामान्य नियम असा की, पाणी स्वच्छ व ऊन लख्ख असेल तर आमिष लहान व मंद रंगाचे घ्यावे. तांबे किंवा काळपट पितळ चांगले. पाणी गढूळ असेल किंवा आभाळ भरलेले असेल तर चांदी, पिवळा किंवा गडद रंग घ्यावा व आमिष थोडे मोठे असावे. अगदी गढुळात मासा डोळ्यांपेक्षा अंगावरील रेषेने जास्त पाहतो. माशाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेषा असते तिने त्याला पाण्यातील हादरे कळतात. म्हणून तेथे गरगरणारी फिरकी चमच्यापेक्षा सरस ठरते. फिरकीने दोरीला पीळ पडतो, यास्तव दोरी व आमिष यांच्यामध्ये फिरती कडी अवश्य घालावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओढणे. यंत्रासारखे एका वेगाने ओढणारा मनुष्य रिकाम्या हाताने घरी येतो. मध्येच थांबावे, आमिष थोडे पडू द्यावे, पुन्हा दोन झटके द्यावेत. पुष्कळ वेळा मासा त्या थांबण्यातच घेतो, कारण थकलेली मासोळी अशीच थांबते. रापालाने होडीतून जे पाहिले ते येथे हाताने करून दाखवावयाचे आहे. मरळीसाठी वेली व शेवाळ असलेल्या जागी पोकळ रबरी बेडूक वापरतात. त्याचे गळ पाठीकडे वळलेले असल्याने ते गवतात अडकत नाहीत. मरळीने बेडूक घेतला की लगेच हिसडा देऊ नये. क्षणभर थांबावे, तिला तोंड मिटू द्यावे, मग ओढावे. गळाची धार नखावर तपासावी. नखावरून घसरला तर कानशीने घासावा. महसीराच्या पाण्यात आमिषाला जोडलेली दुपदरी कडी भक्कम आहे ना, हे पाहिल्यावाचून फेकू नये. काठी मोडत नाही, ती कडी उघडते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. ज्या जलाशयाचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे आहे तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी, मग तो तरुण संस्थेच्या सभासदाचा मुलगा का असेना. शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींकडून संस्थेने रीतसर पावती देऊन शुल्क घ्यावे. काठी घेऊन येणारा माणूस चोर नव्हे, पण पाणी फुकटचेही नव्हे.

शेवटी कावेरीची हकीकत सांगतो, कारण तीत आपला दख्खनचा मासा गुंतलेला आहे. लोणावळ्यास टाटांच्या वीजनिर्मितीच्या तलावांकाठी १९७० नंतर डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली साइक्सच्या त्याच खुद्री महसीराची पैदास करण्यात आली, आणि तेथील बोटाएवढी पिले देशातील अनेक नद्यांत व तलावांत सोडण्यात आली. हेतू उत्तम होता. त्यांतील काही कावेरीत गेली. कावेरीत मूळचा एक निराळा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महसीर होता. साहेबांच्या काळी शंभर पौंडांहून अधिक वजनाचे जे विक्रम नोंदले गेले ते त्याचेच. त्या नदीवर गलीबोर येथे गळाच्या हौशी मंडळींचा तळ होता. तेथे प्रत्येक धरलेल्या माशाची जात व वजन वहीत लिहून मासा परत सोडण्याचा नियम होता. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा आपला दख्खनचा मासा वर्षागणिक वाढत गेला आणि कुबडाचा महसीर जवळजवळ दिसेनासा झाला, असे आढळले. तोवर या कुबडाच्या माशाचे शास्त्रीय नावही निश्चित झालेले नव्हते. ते २०१८ साली झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या प्राण्यांत करावी लागली. त्या वह्या नसत्या तर मासा गेला तरी कोणाला कळले नसते. नदीकाठच्या मच्छीमारांना तो बदल बहुधा आधीच दिसला असेल. पण त्यांची वही नव्हती.

आपल्या संस्थांत वजनाची वही असते. तीत सभासदाचे नाव, किलो व रुपये असे रकाने आहेत. मी आमच्या तालुक्यातील संस्थेच्या पदाधिकाऱ्यांस तीत आणखी तीन रकाने आखावे असे सुचविले आहे : माशाचे स्थानिक नाव, जागा, आणि जाळे, दावण किंवा आमिष यांपैकी साधन कोणते. स्थानिक नाव म्हातारी माणसे म्हणतात तसेच लिहावे, पुस्तकाप्रमाणे सुधारू नये. चिटणीसांनी ते मान्य केले आहे. पावसाळ्यातील बंदी उठली की पहिले पान सुरू होईल. इतर गावच्या ज्ञातिबांधवांनी असे रकाने आखल्यास मंडळाच्या पत्त्यावर कळवावे, म्हणजे पुढील स्मरणिकेत निरनिराळ्या नद्यांची नावे शेजारी शेजारी मांडून छापता येतील.